पोस्टर छापण्याआधी

(पत्र थोडं कमी केलं आहे, ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

ताई, नमस्कार.

माझं वय 48. 2000 नंतरची आठ-नऊ वर्षं मी साड्यांच्या, दागिन्यांच्या जाहिराती आणि मराठी मालिका केल्या. अंधेरी पश्चिमेला घर होतं, गाडी होती, दुकानात लोक वळून बघायचे. नवऱ्याने स्वतःची निर्मिती काढली, कर्जाच्या कागदांवर माझ्या सह्या झाल्या, मालिका बंद पडली. घर गेलं, मग लग्नही. मुलीला घेऊन बदलापूरला आले. एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर नोकरी धरली.

2020 मध्ये स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, किमो, रेडिएशन सगळं परळच्या टाटा हॉस्पिटलात. लोकल बंद होत्या, तेव्हा शेजारच्या भाजीवाल्यांच्या टेम्पोतून परळ गाठायचे. त्या दिवसांत समोरच्या काकू रोज संध्याकाळी गॅलरीत हरिपाठ म्हणायच्या. मी माझ्या गॅलरीतून ऐकता ऐकता म्हणायला लागले. तेव्हापासून खंड नाही. गळ्यात माळ आहे, दोनदा आळंदीहून वारी केली. कीर्तनात कान्होपात्रेची कथा ऐकली तेव्हा वाटलं, ही माझीच गोष्ट आहे.

दोन वर्षांपूर्वी एका गुरूंकडे हीलिंग शिकले, तीन लेव्हल पूर्ण केल्या. आता सोसायटीतल्या बायका येतात. मी डोक्यावर हात ठेवते, त्यांना शांत वाटतं. खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या छातीत गाठ आहे, त्या दोन महिने येतायत, फरक वाटतो म्हणतात. मलाही इतकं बरं वाटायला लागलं की जानेवारीपासून गोळ्या बंद केल्या. दहा वर्षं घ्यायच्या होत्या, पण अंगातून वाफा निघायच्या, रात्र रात्र झोप नाही. गुरू म्हणाले, शरीर आता स्वच्छ आहे.

आता जुन्या ओळखीचा एक इव्हेंटवाला मागे लागलाय. दादरला हॉल घेऊन ‘ग्लॅमर ते गुरुकृपा’ असं दिवसभराचं शिबिर करायचं, माणशी साडेतीन हजार. पोस्टरवर एका बाजूला माझा जाहिरातीतला फोटो आणि दुसऱ्या बाजूला किमोतला टकलाचा. तो म्हणतो, मनीषा कोईरालासारखी तुझी स्टोरी आहे, लोक रडतील. मुलगी 19 वर्षांची आहे. टकलाचा तो फोटो तिनेच काढला होता. पोस्टरचं ऐकून ती म्हणाली, ‘आई, परत शो?’ आणि चार दिवस बोलली नाही. मला खरंच लोकांसाठी काहीतरी करायचंय. नोकरी सोडून यात उतरू का?

*

नमस्कार.

तुम्ही शिबिराबद्दल विचारलंत. त्यावर बोलूच. पण पत्रात दोन वाक्यं तुम्ही ओघात लिहून पुढे निघून गेलात आणि मी तिथेच अडकले. एक वहिनींच्या गाठीचं, दुसरं गोळ्यांचं.

आधी वहिनी, कारण त्यांच्याकडे वेळ किती आहे हे ना तुम्हाला माहीत, ना मला. आज त्या आल्या तर डोक्यावर हात ठेवू नका. चहा टाका आणि त्यांना सांगा, माझीही गाठ अशीच हाताला लागली होती, उद्या आपण दोघी डॉक्टरकडे जातोय. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हेही सांगा, म्हणजे त्या घाबरून घरी बसणार नाहीत. पण कुठली गाठ कसली आहे हे नुसत्या हाताला कळत नाही. चाळीस वर्षं ऑपरेशनं केलेल्या सर्जनलाही सोनोग्राफी, मॅमोग्राफी करून, गरज पडली तर सुईने तुकडा काढूनच ठरवावं लागतं. ‘फरक वाटतो’ याला तर काहीच अर्थ नाही. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, मग फरक कशात पडला? आपल्याकडे किती बायका आजार पुढच्या टप्प्यात गेल्यावर तपासायला येतात, हे तुम्ही परळच्या रांगेत बसून पाहिलेलं आहे. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्यायला सांगा. आणि वहिनी नाही म्हणाल्या तर त्यांच्या घरातल्या कुणाशी तरी बोला. शेजारधर्म मोडला तरी चालेल.

आता तुमच्या गोळ्या. दहा वर्षांच्या म्हणजे बहुधा टॅमॉक्सिफेन, इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनला कॅन्सरच्या पेशींपाशी अडवणारी गोळी. गुरूंनी शरीर स्वच्छ असल्याचं सांगितलं, पण तुमचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट त्यांनी वाचला होता का? इस्ट्रोजेनवर पोसला जाणारा कॅन्सर फार लांबचा विचार करतो. त्याच्या पेशी वर्षानुवर्षं गप्प राहू शकतात आणि पाच वर्षं उलटल्यावरही डोकं वर काढू शकतात. म्हणून तर तुमच्या डॉक्टरांनी पाचवर न थांबता दहा सांगितली. 2012 मध्ये ‘ॲटलास’ नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले. पाचऐवजी दहा वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलेल्या बायकांमध्ये आजार उलटण्याचं आणि त्याने मृत्यू येण्याचं प्रमाण आणखी कमी झालेलं दिसलं. तुम्हाला बरं वाटतंय, यात गोळीचा हात किती आणि हरिपाठाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. मग एकच का बंद करायचं?

वाफांचा त्रास खरा आहे आणि तो सोसत बसायचं कारण नाही. त्यावर औषधं आहेत, कधी गोळी बदलूनही देतात. फक्त केमिस्टकडून काही परस्पर घेऊ नका. वाफांसाठी दिली जाणारी पॅरॉक्सेटिनसारखी काही औषधं टॅमॉक्सिफेनचाच जोर कमी करतात. या आठवड्यात ओपीडीला फोन करा, जानेवारीपासून बंद आहे हे खरं खरं सांगा. रागावतील थोडं. रागावू देत.

याच मुद्द्यावर एक आकडा माहीत असलेला बरा, कारण उद्या तुमच्यासमोर हॉलभर माणसं बसवायचा बेत चाललाय. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॅन्सरचे नेहमीचे उपचार न घेता फक्त पर्यायी उपचारांवर राहिलेल्या 281 रुग्णांची तुलना त्यांनी नेहमीचे उपचार घेतलेल्यांशी केली. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पहिल्या गटातला मृत्यूचा धोका साडेपाच पटींहून जास्त निघाला. त्या 281 जणांना कुणी ना कुणी मायेने सांगितलं असणारच, की फरक पडतोय.

आता तुमच्या श्रद्धेकडे येते. ती मला पत्रात फार आवडली. गॅलरीतला हरिपाठ, टेम्पो, काकू. त्यात कुठे दिखावा नाही. ज्या बाईचं घर, नवरा, केस, काम सगळं गेलं तिला रोज संध्याकाळी एका ठरलेल्या वेळी ठरलेले शब्द म्हणायला मिळाले, त्याने ती तगली. याला कुणाचं प्रमाणपत्र लागत नाही. म्हणूनच त्या तीन लेव्हलचं मला कोडं पडलं. वारकऱ्याला लेव्हल कुठून आली? कान्होपात्रेची गोष्ट तुम्हाला आपली वाटते ना, मग एवढं लक्षात घ्या. मंगळवेढ्याच्या शामा नायकिणीची मुलगी, रूपाची कीर्ती थेट बिदरच्या बादशहापर्यंत गेलेली, ती विठ्ठलाच्या पायाशी गेली ती कुणा गुरूचं बोट धरून नव्हे. संतांच्या मांदियाळीत गुरूपरंपरा नसलेली म्हणून तिचं नाव घेतात. पंढरपूरच्या देवळात तिच्या नावाचं तरटीचं झाड दाखवतात. आणि कीर्तनाबद्दल तर तुकोबांनी केव्हाच सांगून ठेवलंय की जिथे ते करायचं तिथलं अन्नसुद्धा घेऊ नये. माणशी साडेतीन हजार हा हिशेब त्या वाटेवर कुठे बसतो, तुम्हीच बघा.

एक मात्र मान्य करते. तुमच्या हाताने बायकांना शांत वाटतं, ते खोटं नाही. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या बाईला दिवसभरात तिच्या डोक्यावर हात ठेवणारं, मध्ये न बोलता ऐकून घेणारं कोण भेटतं? अर्धा तास कुणी आपलं म्हटलं की श्वास संथ होतो, झोप लागते. ते देत राहा. पण त्याने गाठ विरघळत नाही, साखर उतरत नाही, नवऱ्याची दारू सुटत नाही. दारात आलेल्या बाईला हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं आणि तिचं औषध चालू आहे ना हे विचारायचं. एखादी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलली तर तुमच्या अंदाजावर जाऊ नका. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, 14416. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. तो नंबर दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

श्रद्धेतून रुग्णसेवेत उतरलेल्या माणसांमध्ये मला सिसिली साँडर्स ही बाई फार मोठी वाटते. लंडनची. आधी नर्स होती, पाठीच्या दुखण्याने ते काम सुटलं, मग हॉस्पिटलात समाजसेविका झाली. 1945 मध्ये तिची ख्रिस्तावरची श्रद्धा पक्की झाली. 1948 मध्ये डेव्हिड तास्मा नावाचा पोलंडहून आलेला एक ज्यू माणूस, तिच्या वॉर्डात ओळख झालेला, कॅन्सरने गेला. जाताना तिच्या भावी रुग्णालयासाठी 500 पौंड ठेवून गेला, ‘तुझ्या घरातली एक खिडकी मी होईन’ म्हणाला. आता आपल्याकडच्या रीतीने हिने लगेच आश्रम काढायला हवा होता. तिने काय केलं? एका सर्जनने तिला सांगितलं, मरणाऱ्या माणसांसाठी खरंच काही करायचं असेल तर डॉक्टर हो. आणि तिशी उलटलेली ही बाई मेडिकलला गेली. 1957 मध्ये डॉक्टर झाली तेव्हा चाळिशीला आली होती. लंडनच्याच हॅकनी भागात नन चालवत असलेल्या सेंट जोसेफ्स या मरणासन्न रुग्णांच्या रुग्णालयात बसून तिने वेदनेच्या नोंदी केल्या. रुग्ण कळवळेपर्यंत थांबायचं नाही, मॉर्फिन ठरलेल्या वेळी आधीच द्यायचं, हे रुजवलं. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीचं तिचं स्वतःचं रुग्णालय, सेंट क्रिस्टोफर्स, सुरू झालं 1967 मध्ये. प्रार्थना रोज चालायची, पण दुखणं थांबवायला मॉर्फिनच लागायचं. दोन्हींत तिला कधी भांडण दिसलं नाही.

तुम्ही 48 व्या वर्षी डॉक्टर व्हा असं मी म्हणत नाही. समुपदेशक व्हायचं असेल तर मात्र पदवी आणि मग मानसशास्त्रात एमए, देखरेखीखाली काम, एवढं करावंच लागतं. 2025 पासून यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ अभ्यासक्रमही थांबवलेत, त्यामुळे घरबसल्या ते होणार नाही. वीकएंडच्या कोर्सवर ‘थेरपिस्ट’ म्हणून पाटी लावणारे ठाण्यापासून कर्जतपर्यंत पुष्कळ दिसतात. त्यांत भर नको.

पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी साँडर्सबाईंकडे नव्हती, आणि तिचीच तुम्हाला सगळ्यात जास्त लाज वाटतेय असं पत्रावरून दिसतं. तुम्हाला मेकअप येतो. आठ-नऊ वर्षं सकाळी सातच्या कॉल टाइमला खुर्चीत बसलात, मेकअप दादाचा हात बघितलात, दिव्याखाली रंग कसा दिसतो ते शिकलात. किमोत नुसते केस जात नाहीत, भुवया जातात, पापण्या जातात, कातडी काळवंडते, नखं काळी पडतात. आरशात बघणं सोडून दिलेल्या बायका तुम्ही वॉर्डात पाहिल्यात, बहुधा स्वतःही त्यांच्यातल्या होतात. अशा बाईला भुवई रेखून दाखवणं, ओढणी कशी बांधली की कपाळ झाकतं ते शिकवणं, लग्नाला जायचंय आणि विग घसरतोय तर काय करायचं ते सांगणं. अमेरिकेत 1989 पासून एवढ्याचसाठी एक कार्यक्रम चालतो, सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्या आणि कॅन्सर सोसायटी यांनी मिळून सुरू केलेला. ग्लॅमर टाकून द्यायचं आणि मग सेवा करायची, असा क्रम तुम्ही धरलाय. मला तो पटत नाही. मालिकांनी घर टिकू दिलं नाही, चेक नव्वद दिवसांनी दिले, तेही बुडवले असतील. पण तो हात दिला. तो वापरा.

आणि तुमची फाईल. कुठल्या खिडकीला पहिला नंबर लावायचा, ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातात सुई घेऊ द्यायची नाही, बीपीचा पट्टाही नाही, किमोच्या तिसऱ्या दिवशी तोंडाला काय चालतं, हे तुम्हाला पाठ आहे. बिहार-बंगालहून आलेली माणसं परळच्या फुटपाथवर झोपतात, त्यांना हे कुणी सांगत नाही. 1994 पासून मुंबईत ‘व्ही केअर’ ही संस्था रुग्णांसाठी काम करते, तिथे कॅन्सरमधून उठलेली माणसं स्वयंसेवक म्हणून रुग्णांशी बोलतात. वांद्र्याला ‘शांती आवेदना’ आहे, 1986 पासूनची, देशातली पहिली हॉस्पिस, शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी, मोफत. टाटा हॉस्पिटलचाच ‘केवट’ नावाचा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे. रुग्णाला तपासणीपासून उपचारापर्यंत वाट दाखवणारी माणसं त्यात तयार करतात. पदवी असेल तर प्रवेशाच्या अटी विचारून या. रामाला गंगेपार नेणाऱ्या नावाड्याचं नाव त्याला दिलंय, तुमच्या काकूंना आवडेल. केरळमध्ये तर गृहिणी, रिक्षावाले, शाळामास्तर रीतसर प्रशिक्षण घेऊन घराघरांत अंथरुणाला खिळलेल्यांकडे जातात, आणि त्या कामाच्या जोरावर तिथली वेदनाशामक सेवा गावोगाव पोचली.

नोकरी सोडू नका. दाताच्या दवाखान्याचा पगार थोडका असेल, पण तो पहिल्या आठवड्यात येतो, आणि कर्जाचा चटका बसलेल्या घरात महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पैशाची किंमत तुम्हाला मी सांगायला नको. आठवड्यातली एक सुट्टी परळला द्या. सेवा फुकटच करायला हवी असं माझं मत नाही. प्रशिक्षण घेतलंत, कुणी पगारावर ठेवलं, तर ताठ मानेने घ्या. बायकांच्या कामाला ‘सेवा’ म्हटलं की पैसे बुडवायला बरं पडतं, हेही मी पुष्कळ पाहिलंय.

राहिला इव्हेंटवाला. मनीषा कोईरालाला 2012 मध्ये ओव्हरीचा कॅन्सर निघाला. ती न्यूयॉर्कला गेली, मोठं ऑपरेशन झालं, किमो झाली, आणि हे सगळं तिने कधी लपवलं नाही. त्या स्टोरीत सर्जन आहे. ‘गुरुकृपा’ लिहिलेल्या पोस्टरवर तुमचे सर्जन कुठे आहेत? त्या पोस्टरवरून माणूस काय समजणार? की बाईला कॅन्सर होता, गुरू भेटले, बरी झाली. कॅन्सर बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे, औषधाचीच नव्हे, मंत्र-तोडग्यांचीही. चमत्काराच्या नावावर पैसे घेणं महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात येतं. इव्हेंटवाला म्हणेल, आपण तसं काही लिहिणारच नाही, नुसते दोन फोटो लावू. त्या दोन फोटोंच्या मधल्या जागेत लोक काय वाचतील ते त्याला चांगलं माहीत आहे, धंदाच आहे त्याचा. आणि पोलीस आले तर हॉलच्या पावतीवर त्याची सही असेल, पोस्टरवर चेहरा मात्र तुमचा. सह्यांचा आणि तुमचा अनुभव आधीच वाईट आहे. त्याला मेसेज करा, ‘हे मला करायचं नाही, माझे फोटो वापरू नयेत.’ कारणं देऊ नका, कारण दिलं की तो त्याला उत्तर घेऊन येईल. जुन्या ओळखीचा मान म्हणून चहाला भेटायचंही कबूल करू नका.

मुलीचं मला नीट कळतं. लहानपणी आईला शूटिंगमुळे गमावलं, मोठेपणी आजारामुळे जवळजवळ गमावलं, आता कुठे आई घरी संध्याकाळी सापडते. तो टकलाचा फोटो पंधराएक वर्षांच्या पोरीने काढलाय. तेव्हा तिच्या मनात काय चाललं होतं हे तुम्ही कधी विचारलंत का? पोस्टरचा नकार तिला सांगून टाका, पण ‘तुझ्यासाठी सोडलं’ असं म्हणू नका, ते ओझं तिला नको.

आणि एक काम तिच्यासाठी म्हणून नक्की करा. तुम्हाला 43 व्या वर्षी कॅन्सर झाला. इतक्या लवकर झाला की तो घराण्यातून आलेल्या जनुकामुळे आहे का हे बघायचं असतं. टाटामध्ये त्यासाठी वेगळं जेनेटिक्स क्लिनिक आहे. ही तपासणी आधी तुमचीच करतात, मुलीची लगेच नाही, आणि तिच्या वयात मॅमोग्राफी वगैरेची घाई कुणी करत नाही. तुमच्या जुन्या फाईलमध्ये हा रिपोर्ट आधीच असेल तर उत्तम, नसेल तर गोळ्यांसाठी ओपीडीला फोन कराल तेव्हा याचीही अपॉइंटमेंट मागा. तिला सोबत यायचं असेल तर येऊ द्या. तारीख मात्र तिच्या कॉलेजच्या परीक्षा बघून घ्या.